पावसाचा खंड आणि फवारणी: थेंब ओला राहतो तोवरच

पाऊस उघडून दहा-बारा दिवस झाले, जमिनीला भेगा दिसू लागल्या, की पाठीवरचे पंप बाहेर निघतात. त्याआधी एक हिशेब मांडून ठेवावा, म्हणजे फवारणीकडून काय मागायचे ते ठरते. एकरी 200 लिटर द्रावण फवारले तर 4047 चौरस मीटरवर पाण्याचा थर बसतो जेमतेम 0.05 मिलिमीटर. रान झाकलेले, वाढीला लागलेले पीक कडक उन्हाच्या दिवशी 5 मिलिमीटरच्या आसपास पाणी हवेत सोडते. एकरी ते 20,000 लिटर होते. म्हणजे आपण शिंपडतो ते दिवसाच्या खर्चाच्या शंभराव्या हिश्श्याइतके. फवारणीने पिकाची तहान भागत नाही. फुले न गळता, परागकण वांझ न होता आणखी काही दिवस तग धरता येतो, एवढेच तिचे काम. ज्या रानात महिनाभर पाऊस नाही आणि मुळांखाली ओल उरलेली नाही, तिथे कुठलेही द्रावण मारले तरी मजुरी वाया जाते.

म्हणून पहिले काम पंप भरण्याचे नसून उजाडताना रानात जाण्याचे आहे. दुपारी पीक माना टाकते, त्याने घाबरायचे कारण नाही. मुळे पाणी आणतात त्यापेक्षा पाने जास्त उडवतात, म्हणून ती मलूल होतात आणि संध्याकाळी सावरतात. संध्याकाळी न सावरता पहाटे सावरत असेल, तर फवारणीची वेळ आली असे आम्ही धरतो. पहाटेही पान लोंबतेच आहे, मका-ज्वारीची पाने सूर्य उगवायच्या आधीपासून सुरळी करून उभी आहेत, तर वेळ निघून गेली. त्या अवस्थेत पानावरचा मेणाचा थर जाड झालेला असतो, रंध्रे (पानावरची सूक्ष्म छिद्रे) घट्ट मिटलेली असतात, पेशींतला दाब उतरलेला असतो. मीठ, म्हणजे खताचा क्षार, असलेला थेंब अशा पानावर पडला तर आत शिरण्याऐवजी पानातलेच पाणी बाहेर ओढतो. करपण्याच्या बहुतेक तक्रारी इथून येतात, आणि दोष औषधावर जातो.

पहाटेच्या फेरीला खुरपे सोबत न्यावे. ओळीत, रोपाच्या बुडाशी 15 आणि 30 सेंटिमीटरवरची माती काढून मुठीत दाबून पाहावी. वर भुगा होतो पण खाली गोळा बसतो, अशा रानात फवारणीला अर्थ आहे, कारण खालच्या मुळांना अजून काहीतरी मिळते आहे. दोन्हीकडे भुगा असेल तर फवारणीचा खर्च संरक्षित पाण्याच्या (पीक वाचवण्यापुरत्या ओलिताच्या) एका पाळीकडे वळवावा. तेही नसेल तर कोळपणी करून भेगा बुजवणे आणि ओळींत काडीकचरा पसरणे जास्त पदरात टाकते.

फवारायचे काय, यात आमचा कल आधी पालाशाकडे (पोटॅशियमकडे) आहे. त्याची कारणे दोन. पानावरच्या प्रत्येक रंध्राला दोन रक्षक पेशी असतात. त्यांच्यात पालाश शिरला की त्या फुगून रंध्र उघडते, पालाश बाहेर गेला की मिटते. पालाश कमी असलेल्या पिकाची रंध्रे मिटायला आळशी होतात, आणि तेवढ्या वेळात पाणी निसटते. दुसरे कारण जमिनीतले. पालाश मुळापर्यंत मातीच्या कणांभोवतीच्या पाण्याच्या पातळ थरातून सरकत येतो. तो थर आटला की जमिनीत भरपूर पालाश असूनही मुळाला मिळत नाही. अशा वेळी पानावाटे दिलेला थोडा पालाशही कामाला येतो. थोडा म्हणजे किती, तेही मांडू. पोटॅशियम नायट्रेट, म्हणजे 13:00:45 (नत्र, स्फुरद आणि पालाशाची टक्केवारी), एक टक्का प्रमाणात घेतले तर 200 लिटरला 2 किलो लागते. त्यातून एकरी 260 ग्रॅम नत्र आणि 900 ग्रॅम पालाश जातो. पिकाची एकूण गरज याच्या कितीतरी पट असते. त्यामुळे ही फवारणी जमिनीतून द्यायच्या खताची जागा घेते, असे कोणी म्हणत असेल तर ऐकून सोडून द्यावे.

पोटॅशियम क्लोराइड स्वस्त पडते आणि एक टक्क्याला अनेक पिकांवर चालते. पण क्लोराइड न सोसणाऱ्या पिकांवर (द्राक्ष, तंबाखू, घेवडा) ते वापरू नये. पोटॅशियम सल्फेट सौम्य आहे, मात्र विरघळायला वेळ घेते. घाईत ढवळून पंपात ओतले तर न विरघळलेले खडे गाळणीत बसतात आणि पानावर प्रत्यक्षात एक टक्काही जात नाही.

युरियाबद्दल मत थोडे वेगळे आहे. त्याचा रेणू लहान आणि विद्युतभार नसलेला, म्हणून पानाच्या मेणातून तो सहज आत जातो, आणि दोन दिवसांत पिकाला हिरवा तजेला येतो. तो पाहून लोक खूश होतात. पण खंडाच्या मधोमध नत्र दिले की पीक नवी पाने काढते, आणि नवे पान म्हणजे पाणी उडायला नवी जागा. म्हणून ताण चालू असताना आम्ही युरिया एक टक्क्यावर नेत नाही. पाऊस येऊन गेल्यावर दोन टक्के चालतो. युरिया घेताना त्यातल्या बाययुरेटचे (युरिया बनताना तयार होणाऱ्या, पिकाला अपायकारक घटकाचे) प्रमाणही पाहावे. फवारणीसाठी ते 0.3 टक्क्यांच्या आत असलेला माल बरा. जास्त असेल तर पानांची टोके पिवळी पडतात, आणि ती पुन्हा हिरवी होत नाहीत.

कडधान्यांत शेंगा भरताना डीएपी (नत्र-स्फुरदाचे खत) दोन टक्के देण्याची जुनी पद्धत आहे, आणि ती चांगली आहे. फक्त डीएपी थेट पंपात टाकायचा नाही. 200 लिटरसाठी 4 किलो डीएपी आदल्या संध्याकाळी 20 लिटर पाण्यात भिजत घालावा. सकाळी तळाला राखाडी साका बसलेला दिसतो. बादली न हलवता वरची निवळी दुहेरी फडक्यातून गाळून घ्यावी आणि तीच पिंपात ओतावी. साका ढवळून घेतला की पहिल्या दोन पंपांतच नोझल बसते, मग फुंकर मार, काडी घाल असे प्रकार सुरू होतात. काडीने नोझलचे भोक मोठे होते, ते वेगळेच. डीएपीबरोबर झिंक सल्फेट किंवा कॅल्शियमचे कुठलेही खत मिसळू नये. पांढरे दह्यासारखे फुटते, आणि फुटलेले पुन्हा विरघळत नाही.

एकाच फवारणीची ऐपत असेल तर ती कधी करायची? गहू, भात, ज्वारीत पोटरी धरताना (कणीस पानाच्या आवरणातच फुगत असताना), कारण परागकण तेव्हा घडत असतात आणि तेव्हाच्या ताणाने ते वांझ होतात. कणीस बाहेर आल्यावर दाणे का नाहीत हे शोधून उपयोग नसतो. मक्यात तुरा दिसण्याच्या जरा आधी, कारण पाण्याची ओढ असली की कणसाचे केस उशिरा बाहेर येतात आणि तोवर तुऱ्यातले पराग झडून गेलेले असतात. कडधान्यांत फुलोरा सुरू होताना, जमल्यास शेंगा भरताना पुन्हा. कपाशीत पाते (कळ्या) आणि फुले लागताना. फुलोऱ्यातल्या पिकावर मधमाश्या परत गेल्यावरच, म्हणजे संध्याकाळी फवारावे.

पाणी आणि मिसळण

आधी पंपाचे मोजमाप. 10 बाय 10 मीटरचा तुकडा आखावा, पंपात मोजून साधे पाणी घ्यावे, नेहमीच्या चालीने फवारावे आणि किती लागले ते पाहावे. 5 लिटर लागले तर एकरी सुमारे 200 लिटर होतात. 3 लिटर लागले तर एकरी 120, आणि मग 2 किलो खत 120 लिटरमध्ये जाऊन द्रावण पावणेदोन टक्क्यांच्या जवळ पोचते. खताची गोणी एकराच्या हिशेबाने ओतायची आणि पाणी मनाला येईल तेवढे, ही सवय ताणातल्या पिकाला फार महागात पडते. खंडात एकरी किलोपेक्षा लिटरला किती ग्रॅम हे पाहावे. एक टक्का म्हणजे लिटरला 10 ग्रॅम, 15 लिटरच्या पंपाला 150 ग्रॅम.

ड्रोनवाल्यांना हेच सांगावे लागते. ड्रोन एकरी 10 लिटरच्या आसपास पाणी घेतो. त्यात 2 किलो पोटॅशियम नायट्रेट घातले तर द्रावण 20 टक्क्यांचे होते. अशा थेंबाने पानावर टाचणीच्या डोक्याएवढे तपकिरी डाग पडतात. ड्रोनने फवारायचे असेल तर कमी मात्रेत काम करणारे पदार्थ निवडावेत. खते आणि केओलिन (ऊन परतवणारी पांढरी माती) त्याच्या वाट्याला जाऊ देऊ नयेत.

पोटॅशियम नायट्रेट विरघळताना उष्णता ओढून घेते. 2 किलो 10 लिटर पाण्यात टाकून ढवळले की बादली हाताला गार लागते, बाहेरून दवही धरते. पाणी गार झाले की विरघळण्याचा वेग मंदावतो आणि तळाला खडे राहतात. युरिया सोबत टाकला तर आणखीच गार, कारण तोही तसाच वागतो. म्हणून 2 किलोला 15-20 लिटर पाणी घ्यावे, दोन हप्त्यांत टाकावे, आणि तळाशी हात फिरवून खडा लागत नाही ना हे पाहून मगच पिंपात ओतावे.

क्षाराचे पाणी ही दुसरी अडचण. विहीर-बोअरचे पाणी खंडात खाली जाते तसे खारट होत जाते, आणि द्रावणातल्या मिठात पाण्यातल्या मिठाची भर पडते. शक्य तिथे साठवलेले पावसाचे पाणी फवारणीसाठी राखून ठेवावे. सामू (पीएच) 5.5 ते 6.5 असावा. जड पाण्याचा सामू सायट्रिक अ‍ॅसिडने उतरवता येतो, पण किती लागते ते प्रत्येक पाण्याचे वेगळे. एक लिटर पाणी घेऊन चिमटी-चिमटीने टाकत सामूपट्टीवर पाहावे आणि मग पिंपाचे गणित करावे.

नवे मिश्रण असेल तर आधी काचेच्या बरणीत. पिंपातल्या प्रमाणातच सगळे क्रमाने घालायचे आणि अर्धा तास ठेवायचे. गढूळ झाले, तळ धरला, वर साय आली, बरणी हाताला गरम लागली, यातले काहीही घडले तर ते मिश्रण टाकून द्यावे. क्रम असा: अर्धे पिंप पाणी, मग सामू दुरुस्ती, मग भुकटी, मग द्रवरूप पदार्थ, उरलेले पाणी, आणि सगळ्यात शेवटी चिकटद्रव्य. चिकटद्रव्य आधी टाकले तर फेस होतो आणि पंप पाणी ओढण्याऐवजी हवा ओढतो. पोटॅशियम सिलिकेट मात्र एकटेच फवारावे. त्याचा सामू 11 च्या वर असतो आणि आम्लात पडले की त्याची जेली होते.

चिकटद्रव्यात हात आखडता घ्यावा. सिलिकॉन प्रकारचे चिकटद्रव्य थेंब इतका पसरवते की द्रावण रंध्रांतून थेट आत जाऊ शकते. गार हवेत ते ठीक. कडक उन्हाच्या काळात मीठ एकदम आत गेले की कडा जळतात. साध्या, विद्युतभार नसलेल्या प्रकारचे लिटरला अर्धा मिली पुरते.

थेंबाचे आयुष्य

पदार्थ पानात शिरतो तो थेंब ओला असेपर्यंत. थेंब सुकला की उरतो खडा, आणि खडा पानात शिरत नाही. पण प्रत्येक क्षाराची एक हद्द असते. हवेतली आर्द्रता त्या हद्दीच्या वर गेली की खडा हवेतून पाणी ओढून पुन्हा ओला होतो. कॅल्शियम क्लोराइडची हद्द 30 टक्क्यांच्या आसपास आहे, म्हणून ते जवळजवळ नेहमीच ओले राहते. पोटॅशियम क्लोराइडची 84-85 टक्के. पोटॅशियम नायट्रेटची 93-94 टक्के. याचा अर्थ असा, की कोरड्या हवेच्या दिवशी सकाळी दहाला मारलेले पोटॅशियम नायट्रेट दहा मिनिटांत पांढरी पावडर होऊन पानावर बसते आणि दिवसभर तसेच राहते. संध्याकाळी मारले तर सुकायला वेळ लागतो, पहाटे आर्द्रता चढली की तीच पावडर पुन्हा ओलावते आणि आणखी थोडी आत जाते. पहाटे भिंग घेऊन पाहिले तर कळते. आदल्या संध्याकाळी जिथे सुईसारखे बारीक स्फटिक होते तिथे चमकणारे ओले ठिपके दिसतात.

म्हणून खते संध्याकाळी, ऊन उतरल्यावर, हा आमचा नेम. पहाटे पान ताठ असते, रंध्रे उघडायच्या बेतात असतात, म्हणून पहाटच चांगली, असे म्हणणारेही आहेत, आणि त्यांचे कारण खोटे नाही. पण पहाटेच्या फवारणीला दोन तास मिळतात, संध्याकाळच्याला अख्खी रात्र. जाड दव पडणाऱ्या भागात मात्र संध्याकाळचे द्रावण दवाबरोबर ओघळून जाऊ शकते, तिथे पहाट बरी.

हवा कशी आहे हे अंदाजाने ठरवू नये. दोन साधे थर्मामीटर पुरतात. एकाच्या फुग्याला ओले फडके गुंडाळायचे, दोन्ही सावलीत हलवायचे आणि आकडे वजा करायचे. फरक 2 ते 8 अंशांत असेल तर फवारावे. 10 च्या वर असेल तर पंप खाली ठेवावा, थेंब पानाला लागायच्या आधीच अर्धा होतो. दुपारी हवा 36 आणि ओला फुगा 22 दाखवतो, म्हणजे फरक 14. त्याच रानात पहाटे साडेसहाला 23 आणि 20, फरक 3. फरक 2 च्या खाली आणि वारा पूर्ण पडलेला, अशा वेळीही थांबावे. बारीक थेंब खाली न बसता तरंगत शेजारच्या रानात जातात. वारा ताशी 3 ते 15 किलोमीटर, तोही एकाच दिशेने वाहणारा हवा.

केओलिन

केओलिन ही पांढरी, मऊ चिकणमाती. ती पानाला काही खायला देत नाही, रंध्रे मिटवत नाही. ती ऊन परतवते. प्रमाण सहा टक्के, म्हणजे एकरी 200 लिटरला 12 किलो, 15 लिटरच्या पंपाला 900 ग्रॅम. कोरडी भुकटी थेट पंपात ओतली तर गुठळ्या होतात. आधी 3-4 लिटर पाण्यात कालवून ताकासारखे पातळ करावे, नायलॉनच्या बारीक जाळीतून गाळावे आणि मग पंपात घालावे. पंपाची आतली गाळणी तपासावी, फवारताना दर दोन-तीन मिनिटांनी पंप पाठीवरच हलवावा. नाहीतर पहिल्या ओळीवर पाणी आणि शेवटच्या ओळीवर चिखल. काम थांबवायचे झाले तर पंप रिकामा करूनच थांबावे. तासाभराने तळ इतका घट्ट बसतो की लान्सच (फवारणीची नळी) सोडवावा लागतो.

थर कसा दिसावा? पान सुकल्यावर चुन्याचा पुसट हात फिरवल्यासारखे, पण शिरा दिसत राहाव्यात. ठिपके-ठिपके दिसले तर नोझलचा थेंब मोठा आहे किंवा चिकटद्रव्य कमी. केओलिन सकाळी, दव उडाल्यावर मारावे, कारण त्याला सुकायचे असते. ढगाळ हवेत मारू नये. उजेड आधीच कमी, त्यात पांढरा पडदा, म्हणजे पानाचे अन्न बनवण्याचे काम आणखी मंदावते. पालेभाज्यांवर, सालीसकट विकल्या जाणाऱ्या फळांवर ते धुऊन काढणे जिकिरीचे होते. नवी पाने पांढऱ्या थराशिवाय फुटतात, म्हणून वाढ चालू असेल तर दहा-बारा दिवसांनी पुन्हा. जोराची एक सर आली की धुतले जाते, आणि तशी सर आली तर त्याची गरजही उरत नाही.

मातीचे कण नोझल झिजवतात. नव्या नोझलमधून मिनिटाला किती पाणी पडते ते मोजून डब्यावर लिहून ठेवावे. दहा टक्क्यांपेक्षा जास्त वाढले की नोझल बदलावे. केओलिनच्या दोन-तीन दिवसांच्या कामातही हा फरक दिसू शकतो, पितळी नोझल असेल तर हमखास.

रंध्रांवर पातळ पडदा बसवणारे बाष्परोधकही मिळतात, मेणाचे किंवा चिडाच्या राळेपासून काढलेल्या तेलाचे. पान पाणी उडवते तेव्हाच थंडही होते. पडद्याने पाणी अडले की पान तापते, आणि कर्बवायू आत येणेही घटते. म्हणून कडक उष्णतेत हा प्रकार अंगाशी येतो. इंग्लंडमधल्या हार्पर अ‍ॅडम्स विद्यापीठात गव्हावर झालेल्या कामातून एक गोष्ट पुढे आली. पोटरीच्या सुमाराला अशी फवारणी झाली तर ताणातले उत्पादन काही प्रमाणात वाचते. म्हणजे पडदा सगळ्या हंगामासाठी वापरायचा नसून त्या एका नाजूक टप्प्यापुरता. जुन्या कागदांत रंध्रे मिटवण्यासाठी फिनाइल मर्क्युरिक अ‍ॅसिटेट सुचवलेले आढळते. ते पाऱ्याचे विष आहे, त्याला हातही लावू नये.

सॅलिसिलिक अ‍ॅसिडचे काम वेगळे, ते पिकाला इशारा देते. पान ताणाची तयारी आधीच सुरू करते. म्हणून ते ताण बसायच्या आधी किंवा सुरुवातीलाच द्यायचे. 100 पीपीएम (दहा लाख भागांत 100 भाग), म्हणजे 15 लिटरला दीड ग्रॅम. दीड ग्रॅम रानात तोलता येत नाही आणि गार पाण्यात ते नीट विरघळतही नाही. सोय अशी करावी: 10 ग्रॅम सॅलिसिलिक अ‍ॅसिड थोड्या अल्कोहोलमध्ये विरघळवून एकूण 100 मिली करून घट्ट झाकणाच्या रंगीत बाटलीत ठेवायचे. मग हिशेब सोपा, लिटरला 1 मिली. पंपात ओतताना बारीक धार आणि दुसऱ्या हाताने ढवळणे. एकदम ओतले तर पाण्यात पांढऱ्या सुया तरंगताना दिसतात. त्या हळूहळू विरघळतात, पण तोवर थांबावे लागते. बाटली विस्तवापासून लांब, डोळ्यांवर चष्मा. मात्रा दुप्पट-तिप्पट करण्याचा मोह टाळावा. जास्त झाले की वाढ खुंटते आणि पाने पिवळी पडतात.

समुद्री शेवाळाचे अर्क याच वर्गात, लिटरला 2-3 मिली, ताणाच्या आठवडाभर आधी. बाटलीवर मूळ शेवाळाचे नाव आणि अर्काचे प्रमाण लिहिलेले नसेल तर आत काय आहे हे कोणीच सांगू शकत नाही. जिवाणूंची फवारणी (पानांवर राहणारे गुलाबी मिथायलोबॅक्टेरियम) करायची असेल तर ती बुरशीनाशक किंवा इतर खताबरोबर मिसळू नये, आणि आधी त्याच पंपातून काय मारले होते ते आठवून पाहावे.

काय बिघडते

दुसऱ्या दिवशी पानाची टोके आणि कडा तपकिरी झाल्या, तर द्रावण तीव्र होते किंवा इतके मारले की ओघळून टोकाला साचले. पान ओले दिसावे, गळू नये. गोल डाग आणि मधे पांढरट, कडेला गडद कडे, तर मोठे थेंब उन्हात सुकले. ताणाने वाळणारी पाने यापेक्षा वेगळी दिसतात. ती खालून सुरू होतात, शेंड्याकडे चढत येतात, आणि न फवारलेल्या ओळीतही तशीच असतात. पाने वेडीवाकडी, चमच्यासारखी किंवा दोरीसारखी झाली तर फवारलेल्या खताला दोष देऊ नये, पंपात तणनाशकाचा अंश राहिला होता. 2,4-डी एकदा मारलेला पंप कपाशी, कडधान्य, टोमॅटोसाठी वापरूच नये. धुतला आहे यावर विसंबू नये.

म्हणून कुठलेही नवे मिश्रण आधी 15-20 रोपांवर मारून 48 तास थांबावे. दोन दिवस वाया गेले असे वाटते, पण अख्खे रान करपल्यावर वेळ परत मिळत नाही.

उपयोग झाला की नाही

फवारल्यानंतर पहिल्या संध्याकाळी पीक टवटवीत दिसतेच. ऊन उतरलेले असते, धूळ धुतली गेलेली असते, पाने ओली असतात. त्यावर विश्वास ठेवू नये. चार ओळी कोऱ्या आणि चार ओळींवर नुसते पाणी, असे पट्टे रानात दोन-तीन ठिकाणी सोडावेत. खुंट्या ठोकाव्यात, नाहीतर महिनाभराने कुठल्या ओळी ते आठवत नाही.

तिसऱ्या-चौथ्या दिवशी पानातले पाणी मोजता येते. प्रत्येक पट्ट्यातून सारख्या वयाची दहा पाने दुपारी तोडून लगेच पिशवीत बंद करायची आणि सावलीत तोलायची. मग चार तास पाण्यात तरंगत ठेवायची, टिपून पुन्हा तोलायची. शेवटी 70-80 अंशांवर वाळवून वजन स्थिर झाल्यावर तिसऱ्यांदा. समजा ताजे 21 ग्रॅम, फुगलेले 26, सुकलेले 6. ताज्यातून सुकलेले वजा केले की 15, फुगलेल्यातून सुकलेले वजा केले की 20. पंधरा भागिले वीस, म्हणजे 75 टक्के. फवारलेल्या पट्ट्यात 75 आणि कोऱ्यातही 74 आले तर काहीच घडलेले नाही. तोडल्यापासून तोलेपर्यंत दहा मिनिटे गेली तर आकडे बिघडतात, आणि सगळे पट्टे एकाच तासात उरकावे लागतात. केओलिनसाठी इतका खटाटोप नको. इन्फ्रारेड थर्मामीटर दुपारी दोन वाजता पानावर रोखला तरी कोरे आणि पांढरे पान यांतला फरक लगेच दिसतो.

पाऊस आला की एक दिवस काही करू नये. मुळे पुन्हा पाणी ओढू लागतात, जुनी पाने ताठ होतात, जी होत नाहीत ती गेलीच. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी, वाफसा येत असताना (माती कामाजोगी ओलसर होत असताना), दीड-दोन टक्के युरिया चालतो. आता नवे पान हवेच असते. पिवळसर शेंडे असतील तर झिंक सल्फेट अर्धा टक्का आणि चुना पाव टक्का, वेगळ्या पंपातून. चुना आदल्या रात्री भिजवून त्याची निवळीच घ्यावी. खुंट्या मात्र काढू नयेत. काढणीच्या वेळी प्रत्येक पट्ट्यातली दहा-दहा रोपे वेगळी उपटून शेंगा, बोंडे किंवा दाणे मोजायचे. कोऱ्या पट्ट्यांमध्ये आपापसांत जेवढा फरक निघतो, त्यापेक्षा फवारलेल्या पट्ट्याचा फरक जास्त निघाला तरच पुढच्या खंडात तेच द्रावण, त्याच प्रमाणात.